मामाची गाडी लेट आहे

नाही नाही, अंबादास भाऊ, केस नाही — केस पंधरा दिवसांमागे तुम्हीच कापले ना — मिशी. मिशी काढायची आहे. बारीक नाही, आकार नाही, पूर्ण साफ. काहून असे पाहून राहिले? अहो, भय्यासाहेब ठणठणीत आहेत. आत्ता घरी समोरच्या खोलीत बसले आहेत, कडक इस्त्रीचा झब्बा घालून, पेपर वाचून राहिले, अन् मांडीवर माझी मुलगी. छातीवरचा हात काढा तो. कोणाला काही झालं नाही. बाप जिवंत असताना मिशी काढत नाहीत हे मला माहीत नाही असं वाटलं का तुम्हाला? जन्म गेला माझा जबलपूरमध्ये. मी इथून बिनमिशीचा निघालो की ओमतीच्या कोपऱ्यावर पहिला माणूस हात जोडून विचारेल, 'अरे यशोधन भैया, कब हुआ?' — अन् दुसरा तर विचारणारही नाही, सरळ ग्वारीघाटला लाकडं सांगायला जाईल. मला सगळं माहीत आहे. तुम्ही लावा साबण. — वाजू द्या, वाजू द्या तो फोन, माझाच आहे. काही महत्त्वाचा नाही.

तुम्हाला वाटलं असेल, फॅशन करून राहिला. एकेचाळीसाव्या वर्षी कसली फॅशन, भाऊ? मुलीसाठी काढून राहिलो. सात महिन्यांची झाली आता. मला पाहिलं की रडते. साधं रडणं नाही — आधी माझ्या डोळ्यांत पाहते, मग नजर खाली येते, मिशीवर थांबते, खालचा ओठ हळूहळू बाहेर येतो, अन् मग आमच्या फॅक्टरीचा भोंगा. अख्ख्या नेपियर टाउनला कळते की यशोधन ड्यूटीवरून घरी आला. आई म्हणते मिशी टोचते तिला. शेजारची दीदी म्हणते, 'भैया, बच्ची आपकी मूँछ से डरती है.' डॉक्टरकडे नेलं — त्यानं तिच्या कानात लाइट टाकला, घशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाला, सब नॉर्मल है. मतलब मुलगी नॉर्मल, मी काय तो सांगितलं नाही. इंटरनेटवर पाहिलं तर एक अमेरिकेचा बाप मिशी काढून येते अन् त्याचं पोर टाळ्या वाजवते. मग काढू नाही तर काय करू? दिवसभर मी फॅक्टरीत तोफेचे गोळे तपासतो, भाऊ, बावीस वर्षांपासून, एक कधी हातातून निसटला नाही. अन् सात किलोची मुलगी हातात घेतली की मला घाम फुटते.

तुम्हाला चार मुलं, तुम्ही सांगा — आपल्या लोकांत बापाला काम काय असते? मी सांगतो, काही नाही. बारसं झालं, तर नाव कोण ठेवणार? आत्या. माझी बहीण क्षमा बिलासपूरहून येते, पाळण्यात वाकते, कानात कुर्र करते अन् अवंतिका नाव ठेवून, साडी घेऊन परत जाते. मी म्हटलं होतं रेवा ठेवा, नर्मदेचं नाव आहे, छोटं आहे, तोंडात बसते. मला म्हणाली, दादा, तू खुर्च्या मोज. खरंच मोजल्या मी, बेचाळीस होत्या. जावळ काढायचं, तर बसायचं मामाच्या मांडीवर. कान टोचायचे, परत मामाची मांडी. अन् उष्टावण, पोराचा पहिला घास, तो कोण भरवणार? मामा. बाप तेव्हा कुठं असते माहीत आहे? बाप असते बाहेर, चपला सरळ करत, नाही तर मंडपवाल्याशी भांडत. एवढं करून लोक पेढा खाऊन म्हणतात, बधाई हो, अब जिम्मेदारी बढ़ गई. कोणती जिम्मेदारी, सांगा ना? सगळ्या तर वाटून टाकल्या.

आज आहे ना उष्टावण. आजच. म्हणून तर घाई आहे, बारा चाळीसची वेळ दिली गुरुजींनी. आता पावणेबारा झाले. खीर तयार, चांदीची वाटी घासून ठेवली, पाट मांडला, चाळीस माणसं जेवायला — अन् मामाचाच पत्ता नाही. अक्षत, माझा साळा, प्रणोतीचा भाऊ, नागपूरहून येणार होता. गाडी लेट आहे. दोन तास. गुरुजींना फोन केला तर म्हणाले, अरे, मामा नसेल तर बापानं भरवावं, शास्त्रात तर बापच आहे, मामा आपण मागून घुसवला. पाहा आता. हजार वर्षांपासून माझी जागा होती अन् कोणी मला सांगितलं नाही. तर आज मी भरवणार. पाटावर मी बसणार, मांडीवर ती, समोर चाळीस माणसं, मोबाइल वर करून. अन् तिनं माझ्या तोंडाकडे पाहून भोंगा वाजवला तर? खीर कोणाच्या तोंडात जाईल? म्हणून म्हणतो, साबण लावा. — वाजू द्या म्हटलं ना.

काय? काय म्हणालात? — भय्यासाहेबांची मिशी. हो, आहे ना. माझ्यापेक्षा दुप्पट आहे. पांढरी झुपकेदार, दर रविवारी तुम्हीच तर घरी येऊन कातरता. हो. नाही, त्यांना पाहून नाही रडत. त्यांची तर ओढते. दोन्ही मुठीत धरून ओढते, अन् ते 'अगं अगं' म्हणत मान पुढं करतात की अजून ओढ. झोपतेही त्यांच्याच मांडीवर. — अच्छा. मतलब मिशीमुळे नाही, असं म्हणायचं आहे तुम्हाला. मग कशामुळे? बोला ना. तुम्ही न्हावी आहात का वकील? मी इथं मिशी काढायला आलो, जबाब द्यायला नाही. पांढऱ्या मिशीची भीती वाटत नसेल, काळ्या मिशीची वाटत असेल. असते काही पोरांना.

बरं, ऐका. ऐकूनच घ्या. मी तिला घेत नाही. मतलब समोरच्या खोलीत घेत नाही. काहून म्हणजे? तुम्ही आपलेच आहात, तुम्हाला काय सांगायचं — वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर उचलतात का आपल्यात? लाज काढतात लोक. सात वाजता ड्यूटीवर जातो तेव्हा ती झोपलेली, पाच वाजता येतो तर ती भय्यासाहेबांच्या मांडीवर, अन् मी समोर स्टुलावर बसून चहा पितो. पाहतो. डोळा मारतो कधी कधी, भय्यासाहेबांनी पेपर वर केला की. मग रात्री खोलीत घ्यायला जातो तर तिला वाटत असेल, हा स्टुलावरचा माणूस इथं कुठून आला. रडणार नाही तर काय करणार? मीही रडलो असतो.

हसू नका. फॅक्टरीतही हसतात. तिथं पोरं काय काय करून राहिली आजकाल, छातीला झोळी बांधून पोर घेऊन बाजारात फिरतात, बड़ा फुहाऱ्यावर साडीच्या दुकानात उभे, बायको पदर पाहून राहिली अन् नवरा पोराला थोपटून राहिला. मी मनातल्या मनात म्हणतो, काय बायल्या आहे. तोंडावर म्हटलंही एकदोघांना. अन् घरी येऊन काय करतो सांगू? गच्चीवर जाऊन दार लावून कणकेची पाच किलोची थैली घेऊन फिरतो. हात कुठं द्यायचा, मान कशी धरायची. आईनं एकदा पाहिलं. म्हणाली, कणीक खाली आण, पोळ्या करायच्या आहेत. तोपर्यंत मुलगी सात किलोची झाली, माझी प्रॅक्टिस अजून पाचचीच आहे.

तुम्हाला दवाखान्याची गोष्ट माहीत नाही. कोणालाच सांगितली नाही मी. बाळंतपण नागपूरला, माहेरी. आम्ही दोघं गेलो होतो, मी अन् भय्यासाहेब. नर्स कपड्यात गुंडाळून घेऊन आली, एवढीशी, लाल, तोंड सुजलेलं. म्हणाली, बाबा कोण? अन् दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. बाजूला भय्यासाहेब उभे. अन् भाऊ, माझे हात आपोआप मागे गेले. मी नाही नेले, गेले. पाठीमागे, असे, शाळेत मास्तरांसमोर उभे राहतो ना तसे. मी म्हटलं, आधी भय्यासाहेब. त्यांनी घेतली. सासूबाईंचे डोळे भरून आले, म्हणाल्या काय संस्कार आहेत, आजकाल अशी मुलं राहिली कुठं. नर्सपण म्हणाली. सगळ्यांनी माझी तारीफ केली. एकटी प्रणोती पलंगावर पडून माझ्याकडे पाहून राहिली होती. तीन महिन्यांनी इथं आली, तेव्हा बोलली, एकदाच. 'तुझ्या हातात द्यायला आणली होती, तू हात मागे घेतलेस.' बस. त्यानंतर कधी काढलं नाही तिनं. पण मुलगी रडली की ती मुलीकडे पाहत नाही, माझ्या हातांकडे पाहते.

आता तुम्ही म्हणाल, भय्यासाहेबांना सांगून टाकायचं. त्यांना काय सांगू? त्यांनी स्वतः कुठं उचललं मला? आजोबा जिवंत होते ना. आजोबांसमोर त्यांनी मला कधी हात लावला नाही, आई सांगते, ताप आला तरी दारातून विचारायचे, उतरला का. अन् आजोबा वारले तेव्हा मी नऊ वर्षांचा. तुम्हाला आठवते ते? तुमच्या वडिलांनीच केलं होतं भय्यासाहेबांचं घाटावर, डोकं, मिशी, सगळं. घरी आले तर मी ओळखलंच नाही. तोंड एकदम उघडं, पोरासारखं. आंगणात मी गोट्या खेळून राहिलो होतो. ते आले, अन् काय मनात आलं कोणास ठाऊक, सरळ माझ्या काखेत दोन्ही हात घातले अन् मला वर उचलायला गेले. नऊ वर्षांचा घोडा. अर्ध्यात आलो नाही तोच त्यांच्या कमरेत उसण भरली. मी खाली, ते भिंतीला धरून उभे, आत्याबाई हळद-तेल घेऊन धावली, सुतकात अख्खं घर हसलं. आजही सांगतात ती गोष्ट लग्नाकार्यात. मीही सांगतो, नक्कल करून. सगळे हसतात. मला काय आठवते सांगू? जमिनीवरून पाय उचलले गेले होते माझे. एक वीतभर. तेवढंच.

— हा परत वाजला. नाही, उचलायचा नाही. नाव वाचलंत तुम्ही? चष्मा तर लावला नाही. — हो. अक्षतचाच आहे. हो, तोच, मामा. आता गाडीतूनच करत असेल... भाऊ, असे आरशातून पाहू नका. बरं. गाडी लेट नाही. गाडी अकराला आली, अगदी वेळेवर. तो स्टेशनच्या बाहेर उभा आहे, पाऊण तासापासून, हातात चांदीचा चमचा अन् फ्रॉकाचा डबा घेऊन. मी त्याला सांगितलं, थांब तिथंच, मी स्कूटर घेऊन निघालो, दहा मिनिटांत येतो, ताईला फोन करू नको, तिला सरप्राइज आहे. अन् घरी सांगितलं, गाडी दोन तास लेट. सभ्य मुलगा आहे. भाऊजी म्हणाले थांब, तर थांबला. हाच त्याचा दोष आहे. एकपर्यंत उभा राहील, मग मी जाऊन आणीन, म्हणीन पंक्चर झालं होतं. जेवण तर चुकत नाही ना त्याचं? पुरणपोळी आहे. त्याचं काय जाते हो, त्याला जावळ आहे, कान टोचणं आहे, लग्नातही मुलीला बोहल्यावर तोच नेणार. मला एक घास पाहिजे. एक चमचा खीर. एवढं काय मोठं मागून राहिलो मी?

तुम्ही कुठं चालले? अच्छा, गरम पाणी. घ्या ना, पण लवकर. दाढीला कधी गरम पाणी घेत नाही तुम्ही, आज मिशीला काहून? बरं बरं, पहिल्यांदा निघून राहिली, कातडी नाजूक असेल. — इथूनच सांगतो, बाहेर ऐकू येते ना? तुम्ही भय्यासाहेबांना रविवारी काही बोलू नका यातलं. त्यांना वाईट वाटेल. मिशीचं मी सांगेन, म्हणेन मिशीत चाई पडली होती, डॉक्टरनं सांगितलं. नाही तर सांगेन तुम्हीच एका बाजूनं जास्त कापली. तुमच्यावर ढकललं तर चालेल ना? तुम्हाला ते काही म्हणणार नाहीत, तुम्हाला मानतात. मला तर... मला ते कधी ओरडलेही नाहीत. ओरडायला बोलावं लागते ना आधी. — भाऊ? पंधरा मिनिटं झाली, पाणी गरम करून राहिले का विहीर खोदून राहिले?

आले. लावा आता. मिशीच्या दोन्ही बाजूंनी नीट लावा फेस. गार आहे की हो पाणी. गरम पाण्याला गेले होते ना? वस्तरा नवीन टाका. हं. डोळे मिटतो मी, पाहणार नाही. अठराव्या वर्षापासून आहे, पाहवणार नाही. चलो, करा. ... करा ना. हात काहून थांबला? — फोन. कापून टाका, अक्षतच असेल. नाही? मग कोणाचा? ... भय्यासाहेबांचा? काहीतरी बोलून राहिले, त्यांना फोन लावता कुठं येते, ते तर आईला म्हणतात लावून दे. द्या. द्या इकडे. — हो. हो भय्यासाहेब. अंबादासकडे. नाही, अजून नाही. फेस लावला फक्त. ... हो. ... कोण? आला? ऑटोनं? ... अच्छा. ... हो. ... हो. ... ठीक.

तुम्ही पाणी गरम करायला गेले होते का, अंबादास भाऊ? खरं सांगा. सगळं सांगितलं? अक्षतचंही? — शाबास. चाळीस वर्षं घरी येऊन दाढी केली, त्याचं फळ दिलं आज. माहीत आहे काय म्हणून राहिले? अक्षतला त्यांनी स्वतः फोन करून ऑटोनं बोलावून घेतलं. आता आतल्या खोलीत बसवला आहे, चहा देऊन. त्याला म्हटलं, कोणी विचारलं तर सांग प्रवासात पोट बिघडलं, मी पाटावर बसू शकत नाही. भय्यासाहेबांनी. खोटं बोलायला सांगितलं. ज्यांनी, मी एकदा शाळेत खोटी चिठ्ठी नेली म्हणून, दोन दिवस जेवताना माझ्याकडे पाहिलं नाही, ते. अन् मग म्हणाले... म्हणाले, मी जरा बड़ा फुहाऱ्यापर्यंत जाऊन येतो, पेढे आणायचे आहेत, अर्धा तास लागेल. तेवढ्यात तू तुझं करून घे.

पेढे तीन किलो पडले आहेत घरात. त्यांनीच काल आणले. अन् त्यांचा गुडघा... दोन पायऱ्या उतरत नाहीत ते. ऑटोत बसायला दोन माणसं लागतात. नातीचा पहिला घास, सकाळपासून झब्बा घालून बसले, मला आठ वेळा विचारलं किती वाजले. अन् आता माझ्यासाठी... म्हणजे मला मोकळं घेता यावं म्हणून बाहेर जाऊन... थांबा. बोलू नका तुम्ही.

लावा. परत लावा तो नंबर, माझे हात फेसाचे आहेत. कानाशी धरा. — भय्यासाहेब? निघाले का? चपला काढा. हो, काढा. कुठं जाऊ नका. नाही, पेढे नको. तुम्ही आपल्या खुर्चीवर बसून राहा, अगदी समोर. मी तुमच्यासमोर घेतो तिला. ... रडू द्या. रडली तर रडली. ... तुमच्या मांडीवरूनच उचलतो. येऊन राहिलो. पाच मिनिटं.

पुसा. फेस पुसा हा. नाही, मिशी राहू द्या, वस्तरा ठेवा तो. असे काय पाहून राहिले? तुम्हीच म्हणत होते ना मघापासून. जिवंत आहे बाप माझा. टॉवेल द्या. अन् स्कूटरची चावी कुठं ठेवली मी, आरशाखाली पाहा. बस, हिशोब रविवारी. सरका, जाऊ द्या मला.